अठरा पूर्ण झाली, आता जायचे कुठे?

मध्यमवर्गीय घरात मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की काय काय बदलते? मतदार यादीत नाव नोंदवले जाते. लायसन्ससाठी आरटीओच्या फेऱ्या सुरू होतात. बारावीचा निकाल हातात असतो आणि सीईटीचे मार्क, प्रवेशाच्या याद्या, वसतिगृह मिळेल की खोली घ्यावी लागेल, यावर रोज रात्री जेवताना खल चालतो. वडील शैक्षणिक कर्जाची चौकशी करून येतात. आई मनातल्या मनात डब्याचा हिशेब मांडते. खरे म्हणजे याच वर्षात मुलावर सर्वांत जास्त खर्च होतो आणि याच वर्षात त्याला घराची सर्वांत जास्त गरज असते. ‘काल तुझी अठरा पूर्ण झाली, आता तुझी कॉट रिकामी कर,’ असे कोणतेही आईवडील सांगत नाहीत.

परंतु आपल्याच देशात असे सांगितले जाणारी मुले आहेत. ज्यांना आईवडील नाहीत, ज्यांना कोणी टाकून दिले, किंवा ज्यांच्या घरची परिस्थिती अशी की त्यांना तिथे ठेवणे धोक्याचे, अशी मुले बालगृहात वाढतात. काही थोडी मुले ‘प्रतिपालकत्व’ योजनेखाली, म्हणजे ज्याला इंग्रजीत फोस्टर केअर म्हणतात त्या पद्धतीने, दुसऱ्या कुटुंबात वाढतात. केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये देशभरातल्या अशा संस्थांची नोंद घेतली, तेव्हा ९,५८९ संस्था आणि त्यांत सुमारे ३ लाख ७० हजार मुले आढळली होती. या मुलांचा पालक कोण, या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर सरळ आहे. समाजाच्या वतीने सरकारच त्यांचे पालक. आता हे पालक मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर काय करतात, ते पाहायला हवे.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय कायद्याच्या भाषेत अठरा वर्षे पूर्ण झाली की ‘बालक’ हे नाव संपते आणि त्याबरोबर बालगृहात राहण्याचा हक्कही संपतो. मात्र अठराव्या वर्षी मूल एकदम उघड्यावर पडू नये, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. १९८६ च्या कायद्यात अशा मुलांच्या पुढच्या देखभालीसाठी संस्था काढण्याची सोय होती. २००० च्या कायद्यातही त्यासाठी स्वतंत्र कलम होते. सध्या लागू असलेला कायदा २०१५ चा आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४६ मध्ये म्हटले आहे की, अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजाच्या मुख्य प्रवाहात मिसळता यावे, म्हणून आर्थिक साहाय्य देता येईल.

या व्यवस्थेला सरकारी मराठीत ‘अनुरक्षण’ म्हणतात. अनुरक्षण एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मिळू शकते आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, म्हणजे तेवीसपर्यंत वाढवता येते. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत त्याचा तपशील आहे. सहा ते आठ जणांच्या गटाला तात्पुरते राहण्यासाठी घर, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी लागेपर्यंत आधार, स्वतःचा धंदा करू इच्छिणाऱ्याला कर्ज मिळवून देण्याची व्यवस्था आणि सल्ला द्यायला एक समुपदेशक, असे सारे त्यात आहे. पैसे थेट त्या तरुणाच्या बँक खात्यात जमा करावेत, असेही म्हटले आहे. इतकेच नव्हे, तर मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढे ठेवावा, असा नियम आहे.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे, यात शंका नाही. अडचण आहे ती कलम ४६ मधल्या एका शब्दात. साहाय्य ‘देता येईल’ असे कायदा म्हणतो. ‘दिले जाईल’ असे म्हणत नाही. सरकारी कचेरीशी ज्याचा एकदा तरी संबंध आला आहे, त्याला या दोन शब्दांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. ‘देता येईल’ म्हटले की निधी उपलब्ध असेल तर, प्रस्ताव वेळेवर आला असेल तर, साहेबांची सही झाली असेल तर, अशा अटींची रांग त्यामागे आपोआप उभी राहते. साहाय्य मिळाले नाही, तर कायदा मोडला असेही म्हणता येत नाही.

चार हजारांचा हिशेब

आता रकमेकडे वळू. २००९ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली, तेव्हा अनुरक्षणासाठी दरमहा २,००० रुपये ठरले होते. पुढे हीच योजना ‘मिशन वात्सल्य’ या नावाने नव्याने मांडली गेली. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही रक्कम दरमहा ४,००० रुपये झाली. बहुतेक राज्यांत या योजनेचा ६० टक्के खर्च केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते. ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० टक्के आहे.

दरमहा चार हजार म्हणजे दिवसाला १३३ रुपये. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावातील बालगृहात वाढलेली मुलगी बारावी होऊन नर्सिंग किंवा आयटीआय करायला पुण्या-नाशिकला आली. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर तिला कॉट बेसिसवर जागा शोधावी लागेल. मेसचा डबा लावावा लागेल. बसचा पास, मोबाइलचा रिचार्ज, साबण-तेल, कधी तापाची गोळी, कधी परीक्षेची फी हे सारे त्याच पैशांत बसवायचे आहे. शहरात राहून महिना चालवणाऱ्या कोणत्याही गृहिणीने हा हिशेब एका कागदावर मांडून पाहावा. भाडे आणि डबा मिळूनच कागद भरून जातो.

तरीही चार हजार रुपये वेळेवर मिळाले, तर त्यांचे मोल मोठे आहे. कारण याच पैशांमुळे ती मुलगी कॉलेज सोडून दुकानात उभी राहण्याऐवजी अभ्यासक्रम पूर्ण करू शकते. खरा पेच पहिल्या महिन्याचा असतो. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात डिपॉझिट भरायचे असते. गादी, बादली, ताट-वाटी, चार कपडे घ्यायचे असतात. आपल्या घरातून मूल शिकायला बाहेर पडते, तेव्हा या वस्तू ट्रंकेत भरूनच जातात. त्यांची किंमत कोणी मोजत नाही. बालगृहातल्या मुलाला मात्र त्या सगळ्या एकदम आणि रोख पैसे देऊन घ्याव्या लागतात. दरमहाची रक्कम मंजूर होऊन हातात पडेपर्यंत काही महिने गेले, तर तेवढ्या काळात त्या मुलाने खायचे काय आणि झोपायचे कुठे, याचे उत्तर योजनेत नाही.

दिल्लीच्या ‘उदयन केअर’ या संस्थेने २०१९ मध्ये दिल्ली, गुजरात, कर्नाटक, महाराष्ट्र आणि राजस्थान या पाच राज्यांतील संस्था सोडून गेलेल्या ४३५ तरुण-तरुणींशी बोलून एक अभ्यास केला. त्यांतील जवळपास निम्म्यांकडे स्वतःचे उत्पन्न नव्हते आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना बाहेर पडताना कसलीच मदत मिळालेली नव्हती. म्हणजे रक्कम कमी आहे, ही तक्रार पुढची झाली. आधी ती पोहोचायला हवी.

पैशाच्या आधी कागद

सरकारी पैसा कागदाच्या पाठीमागून चालतो, हे सर्वांना माहीत आहे. आपल्या मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, डोमिसाइल, जातीचा दाखला हे सगळे घरात कुठल्या तरी फायलीत असते. नसले तर वडील तहसील कचेरीत खेपा घालतात. ज्या मुलाला आईवडिलांचे नावच ठाऊक नाही, त्याने वडिलांचा दाखला कुठून आणायचा? जातीचा दाखला नाही म्हणून सवलत नाही आणि रेशन कार्ड नाही म्हणून उत्पन्नाचा दाखला नाही, अशा कात्रीत ही मुले सापडत आली.

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले. २ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू झाले. पुढे नियमांत बदल होऊन, संस्थेबाहेर नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांचाही त्यात समावेश झाला. मात्र त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचे ‘अनाथ प्रमाणपत्र’ लागते. हे प्रमाणपत्र मूल संस्थेत असतानाच निघाले, तर काम सोपे असते. अधीक्षक तिथे असतात, नोंदवही तिथे असते, बाल कल्याण समितीचा आदेश तिथेच फायलीत असतो. मूल एकदा बाहेर पडून दुसऱ्या शहरात गेले, की त्याच कामासाठी रजा काढून आणि भाडे खर्चून जुन्या जिल्ह्यात यावे लागते. रोजंदारीवर असलेल्या मुलाला एका खेपेची किंमत एका दिवसाची मजुरी असते.

बँकेच्या खात्याचेही तसेच आहे. मूल अज्ञान असताना उघडलेले खाते अठरा वर्षांनंतर त्याच्या एकट्याच्या नावे आणि सहीने चालू करून घ्यावे लागते. खात्याला आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा स्वतःचा असावा लागतो. तो संस्थेचा किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचा असेल, तर ओटीपी भलत्याच फोनवर जातो आणि खात्यात पैसे असूनही हाती येत नाहीत. या अगदी बारीक गोष्टी आहेत. घरात त्या आई-बाबा, काका-मामा सहज करून टाकतात. बालगृहात त्या कोणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेल्या असल्या, तरच होतात.

दुसऱ्याच्या घरात वाढलेल्यांचे काय?

कुटुंबात वाढलेले मूल संस्थेत वाढलेल्या मुलापेक्षा अधिक सुखी असते, असे सर्व तज्ज्ञ सांगतात आणि सरकारचे धोरणही तेच आहे. म्हणूनच प्रतिपालकत्वाची योजना आहे. त्यात मुलाला सांभाळणाऱ्या कुटुंबाला ‘मिशन वात्सल्य’खाली दरमहा ४,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात याखेरीज बालसंगोपन योजना बरीच वर्षे चालू आहे. तिला २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि दरमहाची रक्कम १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाली. अनेक आजी-आजोबा, काकू, मावश्या या पैशांच्या आधाराने मुलांना शाळेत पाठवू शकल्या.

परंतु हे पैसे अठरा वर्षांपर्यंतच मिळतात. आणि पुढच्या मदतीचे कलम ४६ बारकाईने वाचले, तर त्यातले शब्द ‘संस्थेतून बाहेर पडणाऱ्या’ मुलाबद्दल आहेत. मग जे मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढले, त्याचे काय? सत्तरीच्या आजीने नातवाला बारावीपर्यंत आणले. त्याच महिन्यात तिची मदत थांबली आणि नातवाला पुढची मदत मागायला कलमाचा स्पष्ट आधार नाही. सरकार ज्या मार्गाला चांगला म्हणते, त्या मार्गाने आलेले मूल शेवटी जास्त अडचणीत सापडावे, ही विसंगती आहे. ती दूर करायला कलमात दोन-चार शब्दांची भर पुरेशी आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. अठरा पूर्ण होताच स्थळ पाहून लग्न लावून देणे, हेच तिचे पुनर्वसन, असे मानण्याची जुनी सवय आहे. त्यामागचा हेतू वाईट नसतो. मुलगी सुरक्षित राहावी असेच सर्वांना वाटते. पण ज्या मुलीला माहेरच नाही, ती संसारात काही बिनसले तर परत कुठे जाणार? हातात शिक्षण आणि खात्यात थोडे पैसे असतील, तर लग्नाला ‘हो’ म्हणायचे की ‘थोडे थांबते’ म्हणायचे, हे ती स्वतः ठरवू शकते. अनुरक्षणाचे पैसे तिला हे थोडे थांबणे परवडावे यासाठीही आहेत.

आणि जी मुले कधीच एकटी राहू शकणार नाहीत, त्यांचे काय? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ, बेवारस आणि दिव्यांग मुलांचा सांभाळ केला. त्यांना स्वतःचे आडनाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही घराबाहेर काढले नाही. दिव्यांग बेवारस मुलांना अठरा वर्षांनंतरही संस्थेत राहता यावे, असा कायदा करा, ही मागणी ते कित्येक वर्षे करीत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या सांभाळात वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, ही बातमीही त्याच वर्षी सर्वांनी वाचली. अठराव्या वर्षी तिला हात जोडून निरोप दिला असता, तर ही बातमी छापून आली असती का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मनात आणले तर जमते

सरकारला हे जमणारच नाही, असे नाही. कोरोनाच्या साथीत आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी मे २०२१ मध्ये ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन’ योजना जाहीर झाली. तिच्यात प्रत्येक मुलाच्या नावे अशी रक्कम गुंतवली गेली की अठराव्या वर्षी ती दहा लाख रुपये व्हावी. अठरा ते तेवीस या वयात त्या पैशांतून दरमहा विद्यावेतन आणि तेवीस पूर्ण झाल्यावर दहा लाख रुपये हातात, अशी तिची रचना आहे. अठरा ते तेवीस ही वर्षे आधाराची असतात, हे सरकारने या योजनेत स्पष्टपणे मान्य केले. या मुलांची संख्या साडेचार हजारांच्या आसपास आहे. त्यांना मिळाले ते योग्यच झाले. पण अपघातात, क्षयाने किंवा बाळंतपणात आईवडील गमावलेल्या मुलाची गरज त्यांच्यापेक्षा वेगळी कशी असेल?

हिमाचल प्रदेशाने या प्रश्नाचे उत्तर २०२३ मध्ये दिले. त्या छोट्या डोंगराळ राज्याने ‘मुख्यमंत्री सुख-आश्रय योजना’ आणली आणि त्यासाठी वेगळा कायदाही केला. अनाथ मुलांना तिथे ‘राज्याची मुले’ असा दर्जा आहे आणि आधाराची मर्यादा सत्तावीस वर्षे आहे. शिक्षणाचा आणि वसतिगृहाचा खर्च, दरमहा चार हजार रुपये हातखर्च, धंदा सुरू करायला आणि घर बांधायला मदत, असे त्याचे स्वरूप आहे. सुरुवातीला १०१ कोटी रुपयांचा निधी जाहीर झाला होता. हिमाचलसारख्या राज्याला जे शक्य आहे, ते मोठ्या राज्यांना अशक्य आहे, असे म्हणणे कठीण आहे.

परदेशातही हा प्रश्न आहे आणि तिथेही तो पैशांनीच सुटलेला नाही. तरी काही कल्पना पाहण्यासारख्या आहेत. इंग्लंडमध्ये सरकारी देखभालीतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला पहिले घर मांडण्यासाठी वेगळी एकरकमी मदत मिळते. एप्रिल २०२३ पासून ती ३,००० पौंड करण्यात आली. शिवाय वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याला एक ठरावीक सल्लागार मागता येतो, अशी २०१७ च्या कायद्याने सोय केली. वेल्समध्ये २०२२ मध्ये एक प्रयोग झाला. जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या अशा तरुणांना दोन वर्षे दरमहा १,६०० पौंड, करासह, कोणतीही अट न घालता देण्यात आले. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने राज्यांना प्रतिपालकत्वाची मदत एकवीस वर्षांपर्यंत वाढवण्यासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. या तिन्ही ठिकाणी अठरावा वाढदिवस ही शेवटची तारीख मानणे बंद करायचे ठरले.

‘फुकटचे पैसे’ आणि बिघडणारी मुले

यावर काही जण म्हणतात की, तरुण मुलांच्या हातात असे पैसे दिले की ती आळशी होतात, मोबाइल आणि बाइकवर उडवतात. ही भीती अगदीच निराधार नाही. बालगृहात वाढलेल्या पुष्कळ मुलांनी तोवर स्वतःच्या हाताने भाजी आणलेली नसते की विजेचे बिल भरलेले नसते. जेवणाची घंटा झाली की ताट समोर येते. महिना कसा काढायचा, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. पण याचा उपाय पैसे न देणे हा नव्हे. सोळाव्या वर्षापासून थोडे थोडे पैसे हाती देऊन हिशेब ठेवायला शिकवणे, हा उपाय आहे. आपल्या घरी आपण हेच करतो. मुलाला दुकानात पाठवतो, उरलेले सुटे परत मागतो, एखादे वेळी तो फसला तर रागावतो आणि पुढच्या वेळी पुन्हा पाठवतो.

आणि आळशीपणाची ही कसोटी फक्त अनाथांना का लावायची? चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत वडिलांच्या पैशांवर शिकणारी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले पुण्याच्या पेठांत राहतात. त्यांना कोणी फुकटे म्हणत नाही. त्यांच्या पाठीशी घर आहे, असे म्हणतात.

काय करता येईल?

ज्यांच्या ओळखीत, शेजारात किंवा कामाच्या ठिकाणी बालगृहात अगर नातेवाइकांकडे वाढलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी काही गोष्टींची विचारपूस जरूर करावी.

पहिली गोष्ट आराखड्याची. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे जायला हवा. तो झाला आहे का, हे मुलाने स्वतः विचारावे आणि अनुरक्षणासाठी लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आधार, जन्मतारखेचा पुरावा, शाळेचे दाखले, समितीच्या आदेशाची प्रत, महाराष्ट्रात असल्यास अनाथ प्रमाणपत्र आणि स्वतःच्या नावाचे व स्वतःच्या मोबाइल नंबरचे बँक खाते, हे सारे संस्थेचे दार ओलांडण्यापूर्वी हातात असावे.

तिसरी गोष्ट, जायचे कोणाकडे? प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. महाराष्ट्रात तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही आपापल्या जिल्ह्याच्या या कक्षात चौकशी करावी, कारण केंद्राची योजना तीच असली तरी राज्याराज्यांच्या सवलती वेगळ्या आहेत. मूल अठराच्या आतले असेल आणि अडचण तातडीची असेल, तर १०९८ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

याखेरीज सामान्य कुटुंबाला करता येण्यासारखी कामे पुष्कळ आहेत आणि त्यांना पैसे फारसे लागत नाहीत. घरमालक असाल तर ‘आईवडिलांना घेऊन ये, मग खोली देतो’ ही अट अशा मुलासाठी बाजूला ठेवावी. दुकान किंवा कारखाना असेल तर काम शिकण्याची संधी द्यावी आणि पगार वेळेवर द्यावा. बँकेत किंवा कचेरीत ओळख असेल तर एक दिवस त्याच्याबरोबर जावे. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहे बंद होतात आणि सगळी मुले घरी जातात, तेव्हा ज्याला घर नाही त्याला चार दिवस आपल्या घरी बोलवावे.

मात्र ही माणुसकी सरकारच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. शेजारी चांगले निघाले तर मुलाचे भले आणि नाही निघाले तर त्याचे नशीब, असे चालणार नाही. पालक म्हणून ज्या सरकारने या मुलांच्या दाखल्यावर सही केली, त्याने तीन गोष्टी कराव्यात. कलम ४६ मधले ‘देता येईल’ बदलून ‘दिले जाईल’ करावे. संस्थेत आणि कुटुंबात वाढलेल्या मुलांत भेद करू नये. आणि पहिला हप्ता, डिपॉझिट व भांडीकुंडी यांच्या एकरकमी मदतीसह, मूल बाहेर पडायच्या दिवशीच त्याच्या खात्यात जमा असावा. मुलाची जन्मतारीख सरकारी नोंदवहीत असते. त्याची अठरा वर्षे कोणत्या दिवशी पूर्ण होणार, हे तेव्हापासूनच ठाऊक असते. तयारीला वेळ मिळाला नाही, असे म्हणायला इथे जागा नाही.